स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांवर चेहऱ्याचं थ्रीडी मॉडेल: २४ कॅमेऱ्यांची रिग उभारताना

फोटोंचं फोल्डर आणि सोबत एकच प्रश्न, असं माझ्याकडे वरचेवर येतं: "चोवीस कॅमेरे लावले, तरी मॉडेल फाटकं का येतंय?" मॉडेल म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या फोटोंवरून सॉफ्टवेअरने बांधलेला थ्रीडी आकार, आणि रिग म्हणजे ते सगळे कॅमेरे बसवलेला सांगाडा. कुणाच्या मॉडेलला नाकाचे दोन शेंडे असतात, कुणाचा कान गालाला चिकटलेला असतो, कुणाच्या कपाळावर खडबडीत फोड आलेले असतात. तोवर त्यांनी दोन सॉफ्टवेअर बदलून पाहिलेली असतात आणि महागडं ग्राफिक्स कार्डही घेतलेलं असतं. फोटो एकेक उघडून पाहिले की कारण सापडतं. तिसऱ्या कॅमेऱ्याचा फोकस मागच्या भिंतीवर बसलाय, सातव्याचा रंग पिवळट आहे, अकराव्याचा झूम थोडा पुढे सरकलाय. काम बिघडलेलं असतं ते शटर दाबण्याआधीच. नंतर संगणकावर कितीही घासलं तरी ते सुधारत नाही.

म्हणून या लेखात भर आहे तो तयारीवर आणि पायऱ्यांच्या क्रमावर. उदाहरण एकच घेतलंय: खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा, या कानापासून त्या कानापर्यंत, व्यक्तिशिल्पासाठी. कॅमेरे कॅननच्या पॉवरशॉट मालिकेतले जुने, १६ मेगापिक्सेलचे. आकडे त्याच कॅमेऱ्यांचे आहेत. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

## आधी ठरवा: एवढे कॅमेरे खरंच लागणार आहेत का?

वीरगळ, जातं, पितळी समई, देवळाचा खांब यांना अनेक कॅमेरे लागत नाहीत. वस्तू हलत नसेल तर एकच कॅमेरा घेऊन तिच्याभोवती फिरा आणि साठ-सत्तर फोटो काढा. निकाल या रिगपेक्षा चांगलाच येईल, कारण सगळे फोटो एकाच लेन्सचे असतील.

सगळे कॅमेरे एकाच क्षणी चालवायची गरज पडते ती हलणाऱ्या गोष्टीसाठी: माणूस, लहान मूल, जनावर, वाऱ्यावर डुलणारं रोप. माणूस कितीही स्तब्ध बसला तरी श्वासाबरोबर खांदे हलतात, मान सूक्ष्म डोलते, पापण्या लवतात. एका कॅमेऱ्याने फेरी मारायला तीन-चार मिनिटं जातात. पुढे येणाऱ्या हिशोबात एक पिक्सेल म्हणजे चेहऱ्यावरचे ०.२ मिमी. मान २ मिमी हलली की दहा पिक्सेलचा घोळ झाला.

## टप्पा १: कॅमेऱ्यांची खरेदी

मेगापिक्सेलमागे धावू नका. चोवीस कॅमेरे एकसारखे असणं त्याहून कितीतरी महत्त्वाचं आहे. एकच मॉडेल घ्या आणि शक्यतो एकाच फर्मवेअरचं (फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर). दहा एका मॉडेलचे आणि चौदा दुसऱ्या मॉडेलचे स्वस्तात मिळाले म्हणून घेतले, तर शटर एकाच क्षणी उघडणं जवळपास अशक्य होतं.

कॅननच का, तर त्याच्या बऱ्याच जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांवर सीएचडीके चालतं. हा फुकट मिळणारा जोडप्रोग्रॅम कार्डावरून सुरू होतो आणि कॅमेऱ्याचं मूळ फर्मवेअर बदलत नाही. स्वस्त कॅमेऱ्यात नसलेल्या शटर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) आणि फोकस हाताने ठरवण्याच्या सोयी तो देतो, शिवाय यूएसबीच्या तारेतून शटर चालवतो. पैसे देण्याआधी तुमचं नेमकं मॉडेल सीएचडीकेच्या यादीत आहे का ते पाहा. "पॉवरशॉट आहे म्हणजे चालेलच" हा अंदाज बऱ्याच जणांना महागात पडलाय.

सेकंडहँड कॅमेरा हातात घेतल्यावर हे पाहा:

- लेन्स बाहेर येताना दातऱ्यांचा कर्रकर्र आवाज येतो का? येत असेल तर ठेवून द्या.
- मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते.
- खालच्या ट्रायपॉडच्या भोकातले आटे शाबूत आहेत का?
- बॅटरीच्या झाकणाची खिट्टी नीट बसते का? ती मोडकी असेल तर कॅमेरा ऐन वेळी बंद पडतो.

चोवीस लागत असतील तर सत्तावीस घ्या. दोन-तीन पहिल्या महिन्यातच लेन्स एरर दाखवतील.

## टप्पा २: कागदावर आखणी

कॅमेरे हातात आले की लगेच सांगाडा जोडायला बसू नका. आधी कागद, पेन्सिल आणि कोनमापक घ्या.

या कॅमेऱ्यांचा सेन्सर ६.१७ × ४.५५ मिमी असतो आणि झूम पूर्ण मागे असताना फोकल लांबी ५ मिमी. कॅमेरा उभा धरला आणि डोक्याच्या मध्यापासून ७५ सेंमीवर ठेवला, तर चौकटीत सुमारे ६८ सेंमी रुंद आणि ९२ सेंमी उंच भाग येतो. डोकं-खांदे आरामात मावतात. एका पिक्सेलला ०.२ मिमी पडतात ते याच अंतरावर.

झूम पुढे घेतला तर चेहरा मोठा दिसेल हे खरं, पण मी तो पूर्ण मागेच ठेवतो. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला की मधल्या झूमची जागा तंतोतंत तीच येत नाही. मागच्या टोकाची जागा भरवशाने तीच येते. याच टोकाला लेन्स जास्तीत जास्त प्रकाशही घेते.

आता कोन. चेहऱ्यावरचा प्रत्येक बिंदू किमान तीन कॅमेऱ्यांना दिसला पाहिजे, आणि शेजारच्या दोन कॅमेऱ्यांमधला कोन २० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. मी तीन ओळी करतो, प्रत्येक ओळीत आठ कॅमेरे. एका ओळीत दोन कॅमेऱ्यांमध्ये २२.५ अंश, म्हणजे ७५ सेंमी त्रिज्येवर सुमारे ३० सेंमी अंतर पडतं. महत्त्वाचं पुढे आहे: तिन्ही ओळी एकावर एक सरळ लावायच्या नाहीत. दुसरी ओळ ७.५ अंश आणि तिसरी १५ अंश सरकवायची. वरून पाहिलं की दर साडेसात अंशाला एक कॅमेरा दिसतो आणि ओळींच्या मधल्या फटी भरून निघतात. कॅमेऱ्यांचे सरळ रकाने दिसायला छान दिसतात, पण नाकाच्या बाजू आणि जबड्याखालचा भाग त्यांतून निसटतो.

बसलेल्या माणसाच्या डोक्याचा मध्य जमिनीपासून १२० सेंमीवर धरला तर ओळींची उंची ९३, १२० आणि १४७ सेंमी येते. खालची ओळ हनुवटीकडे वर पाहते, वरची कपाळाकडे खाली.

तपासणी: खुर्चीवर उशी उभी करून तिच्यावर वर्तमानपत्र गुंडाळा. ठरवलेल्या २४ जागांवर एकच कॅमेरा हातात धरून २४ फोटो काढा आणि मॉडेल करून पाहा. इथे मॉडेल नीट आलं नाही तर चोवीस कॅमेऱ्यांनीही येणार नाही. एवढी एक संध्याकाळ खर्च केली की पुढचे बरेच दिवस वाचतात.

## टप्पा ३: सांगाडा

पीव्हीसी पाइप वापरू नका. स्वस्त असतो, हलका असतो, आणि दुपारच्या उन्हात किंवा कॅमेऱ्यांच्या वजनाने वाकतो. रॅकवाल्यांकडे मिळणारा भोकांचा लोखंडी अँगल किंवा स्लायडिंग खिडक्यांचा ॲल्युमिनियम सेक्शन घ्या. आठ उभे खांब, खाली पसरट पाय, वर एक अर्धवर्तुळाकार पट्टी सगळ्यांना बांधणारी. ओळी सरकवलेल्या असल्यामुळे कॅमेरे थेट खांबावर येणार नाहीत. प्रत्येक खांबाला लहान आडव्या पट्ट्या लावाव्या लागतील.

कॅमेरा बसवायचा बोल्ट ही वरकरणी क्षुल्लक गोष्ट आहे, पण इथे सर्वांत जास्त कॅमेरे खराब होतात. ट्रायपॉडच्या भोकाचे आटे पाव इंची असतात, इंचाला वीस. हार्डवेअरच्या दुकानात "पाव इंची बीएसडब्ल्यू" मागा, तो बसतो. दुकानदार एम-सिक्स पुढे करेल. दिसायला जवळपास तसाच असतो, दोन वेढे जातो आणि मग प्लॅस्टिकचे आटे कापत जातो. लांबीकडेही लक्ष द्या. पट्टीच्या जाडीपुढे बोल्ट ५ मिमीपेक्षा जास्त बाहेर येता कामा नये, नाहीतर तो कॅमेऱ्याच्या पोटात घुसतो. बोल्टवर आधी एक नट चढवा, कॅमेरा हाताने घट्ट करा, मग नट पट्टीशी आवळा. म्हणजे ताण नटावर येतो, कॅमेऱ्यावर येत नाही.

बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर कुठेही वळणारी कॅमेऱ्याची बैठक, टाळा. स्वस्त बॉल हेड रात्रीतून अर्धा अंश खाली झुकतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

तपासणी: एका खांबाला हलका धक्का द्या. दोन सेकंदांनंतरही थरथर दिसत असेल तर तिरके आधार लावा.

## टप्पा ४: वीज

चोवीस बॅटऱ्या चोवीस वेगवेगळ्या वेळी संपतात. एक संपली की तो कॅमेरा उघडून पुन्हा बसवावा लागतो आणि त्याची जागा हलते. म्हणून नकली बॅटरी, म्हणजे बॅटरीच्या आकाराचा जोड आणि बाहेरून वीज, हाच मार्ग घ्या. यूएसबीतून हे कॅमेरे चालत नाहीत, तो भ्रम ठेवू नका.

व्होल्टेज किती हे त्या मॉडेलच्या मूळ अडॅप्टरवर छापलेलं असतं, तेच धरा. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या पॉवरशॉटच्या अडॅप्टरवर ३.१५ व्होल्ट लिहिलेलं असतं. मोजमाप पुरवठ्याच्या डब्यापाशी न करता कॅमेऱ्याच्या टोकाशी करा, कारण लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज कमी होतं.

सावध: चोवीस कॅमेरे एका बटणावर चालू करू नका. लेन्स बाहेर ढकलताना प्रत्येक मोटर क्षणभर जास्त करंट ओढते. सगळ्यांनी एकदम ओढला की व्होल्टेज कोसळतं, आणि अर्ध्या बाहेर आलेल्या लेन्सचा कॅमेरा एरर दाखवून तिथेच अडकतो. सहा-सहाचे चार गट करा.

## टप्पा ५: प्रकाश

फ्लॅश सगळ्या कॅमेऱ्यांत बंद. चोवीस फ्लॅश एका क्षणी उडवणं या कॅमेऱ्यांना जमत नाही, आणि समोरासमोरचे फ्लॅश एकमेकांच्या लेन्समध्ये जातात.

चार फुटी, वीस वॅटच्या एलईडी ट्यूब खांबांना उभ्या बांधा. आठ-दहा तरी लागतात. त्यांच्यापुढे बटर पेपर किंवा पांढरी मलमल ताणून लावा, म्हणजे नाकाची सावली गालावर पडणार नाही. सावली सॉफ्टवेअरला कडेसारखी दिसते. त्यातून गालावर नसलेली रेघ उमटते.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साध्या एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० सेकंद ठेवलं तर प्रत्येक कॅमेऱ्याला एक पूर्ण लुकलुक मिळते आणि सगळे फोटो सारखे उजळ येतात. १/१२५ किंवा १/१६० ठेवलं तर काही फोटो उजळ, काही काळपट. लोक मग कॅमेऱ्याला दोष देतात.

आयएसओ १०० ठेवून प्रकाश पुरतो का पाहा. २०० चालेल. ४०० च्या पुढे या सेन्सरवर त्वचेची छिद्रं खरखरीत बुजून जातात, आणि सॉफ्टवेअर गालावर जे काही पकडतं ती छिद्रंच असतात. प्रकाश कमी पडला तर आणखी दोन ट्यूब लावा, आयएसओ वाढवू नका.

## टप्पा ६: कार्ड आणि सेटिंग

मूळ कॅमेऱ्याने काढलेला एक जेपेग फोटो "स्टिक" नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये टाकला की तो मॉडेल आणि फर्मवेअर ओळखतो, योग्य सीएचडीके उतरवतो आणि कार्ड तयार करून देतो. प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतंत्र फोटो टाका. एकाच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांची फर्मवेअर आवृत्ती वेगळी असू शकते. कार्डाच्या कडेची कुलपाची पट्टी "लॉक"वर ठेवली की कॅमेरा सीएचडीकेसह सुरू होतो, आणि फोटोही साठवतो. मायक्रो कार्डचे अडॅप्टर वापरू नका. त्यांची पट्टी सैल असते.

कॅमेऱ्याच्या पाठीवर मार्करने क्रमांक लिहा, तोच क्रमांक कार्डावर. नंतर लिहू म्हणून ठेवलंत तर कार्ड सातचं की सतराचं यात एक दिवस जातो.

आता कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेन्यूत या गोष्टी बंद करा: डिजिटल झूम, इमेज स्टॅबिलायझेशन, चेहरा ओळखून फोकस, आय-कॉन्ट्रास्ट, रेड-आय दुरुस्ती, ऑटो रोटेट, आपोआप बंद होणं. यातलं स्टॅबिलायझेशन लोक हमखास विसरतात. ज्या मॉडेलमध्ये ते लेन्सची काच हलवतं, तिथे प्रत्येक फोटोत प्रतिमेचा मध्य सरकतो. मग टप्पा ८ मधलं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक लेन्सचं आधी करून ठेवलेलं मोजमाप, वाया जातं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळणी, कस्टम ठेवा. माणसाच्या जागी पांढरा कोरा कागद धरा आणि प्रत्येक कॅमेऱ्यात त्याच प्रकाशात नोंदवा. ऑटो ठेवलात तर लाल शर्ट दिसणारा कॅमेरा चेहरा निळसर करेल.

सीएचडीकेच्या मेन्यूत शटर १/१००, आयएसओ १०० आणि फोकसचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. मी ७०० लिहितो. या लेन्सला तिथे पुढे-मागे मिळून साधारण ३० सेंमी खोली धारदार मिळते, नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत पुरेल इतकी. ७५० लिहिलं तर नाक मऊ पडतं. चेहरा डोक्याच्या मध्यापेक्षा पुढे असतो हे आकडा लिहिताना विसरायला होतं.

फोटो जेपेगमध्येच, सर्वांत कमी दाबलेले. रॉ लिहायला हे कॅमेरे फार वेळ घेतात आणि चेहऱ्याच्या आकारात त्याने फरक पडल्याचं मला दिसलेलं नाही.

तपासणी: खुर्चीवर छापील मजकुराचा पुठ्ठा उभा करून सगळ्यांनी एकेक फोटो काढा. संगणकावर १०० टक्के मोठं करून प्रत्येकातलं बारीक अक्षर वाचता येतं का पाहा. एका जरी फोटोत वाचता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: एकाच क्षणी शटर

संगणकाला यूएसबीने जोडून सगळे कॅमेरे चालवता येतात, फोटोही तारेतून उतरतात. त्यात वेळेचा नेमकेपणा कमी असतो. मी साधा मार्ग घेतो: सीएचडीकेचा यूएसबी रिमोट.

यूएसबी केबल सोलली की चार तारा दिसतात: लाल, काळी, हिरवी, पांढरी. हिरवी आणि पांढरी माहिती नेणाऱ्या. त्या कापून, टेप लावून बाजूला ठेवा. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे शून्य. चोवीस केबलींच्या लाल तारा एकत्र आणि काळ्या एकत्र जोडा, मध्ये एक पुश बटण आणि ५ व्होल्टचा चांगला पुरवठा. मेन्यूत "रिमोट पॅरामीटर्स"मध्ये जाऊन रिमोट चालू करा, आणि त्याखालचा "सिंक"चा पर्यायही. बटण दाबलं की कॅमेरा तयार होतो, सोडलं की फोटो काढतो. म्हणून बटण एक-दोन सेकंद दाबून धरायचं आणि झटकन सोडायचं. टिचकी मारल्यासारखं दाबलंत तर निम्मे कॅमेरे तयारच नसतात.

वेळ खरंच जुळते का हे पाहायला महागडं यंत्र नको. छताच्या पंख्याच्या एका पात्याला पांढरी चिकटपट्टी लावा, पूर्ण वेगाने सोडा. दोन कॅमेरे एकमेकांना चिकटून वर रोखून ठेवा आणि एका बटणावर फोटो काढा. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो असं धरलं तर पातं एका मिलिसेकंदात १.८ अंश फिरतं. दोन फोटोंतल्या पट्टीत १८ अंशांचा फरक दिसला तर दोन कॅमेऱ्यांत १० मिलिसेकंदांचा फरक आहे. १/१०० सेकंदाच्या शटरने पट्टी पुसट येईल, तिची सुरुवातीची कड धरून मोजा. क्रमांक एकचा कॅमेरा कायम ठेवून बाकीचे तेवीस त्याच्याशी ताडून पाहा. ही तपासणी सांगाड्यावर चढवण्याआधी करायची, हे ओघाने आलंच.

बसलेल्या मोठ्या माणसासाठी १० मिलिसेकंद चालतात. खेळत्या मुलासाठी नाही.

## टप्पा ८: कॅलिब्रेशन

इथे सर्वांत जास्त लोक चुकतात, म्हणून थोडं थांबू.

एका कॅमेऱ्याने सत्तर फोटो काढले की सॉफ्टवेअर त्या लेन्सचा बाक, म्हणजे ती सरळ रेषा किती वाकवते ते, स्वतःच शोधून काढतं. आपल्या रिगमध्ये प्रत्येक लेन्सचा एकच फोटो आहे. एका फोटोतून लेन्सचा स्वभाव कळत नाही. तो आधी शिकवावा लागतो.

चेकरबोर्डचा (काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या पटाचा) ए-थ्री प्रिंट काढून काचेवर सपाट चिकटवा. पुठ्ठ्यावर नको, पुठ्ठा वाकतो. माणसाच्या जागी बोर्ड धरून, दर वेळी थोडा वळवून, थोडा झुकवून, चौकटीच्या कोपऱ्यांपर्यंत नेऊन चाळीस-पन्नास वेळा शटर दाबा. प्रत्येक कॅमेऱ्याला बोर्ड नीट दिसणारे पंधरा-वीस फोटो तरी मिळतात. त्यावरून प्रत्येक कॅमेऱ्याचं स्वतंत्र कॅलिब्रेशन काढून कॅमेऱ्याच्या क्रमांकाने जपून ठेवा.

दुसरं काम कॅमेऱ्यांच्या जागांचं. कापडाच्या दुकानातला पुतळ्याचा एक डोक्याचा भाग मिळवा, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवा. रिगने त्याचा एक संच, म्हणजे एकाच क्षणाचे चोवीस फोटो, काढा. छापील अक्षरांवर सॉफ्टवेअरला हजारो बिंदू सापडतात, चोवीसच्या चोवीस कॅमेरे जागेवर बसतात. या जागा जपून ठेवल्या की खऱ्या चेहऱ्याच्या वेळी सॉफ्टवेअरला गालाच्या गुळगुळीत कातडीवरून कॅमेरे शोधत बसावं लागत नाही. मेटाशेप या फोटोंवरून मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोंचा पाथ बदलून त्याच जागांवर नवे फोटो घालता येतात.

माझ्या सुरुवातीच्या एका सत्रात शेजारच्या काकांचा डावा कान दोनदा आला होता, एकामागे एक, अर्ध्या सेंटीमीटरच्या अंतराने. फोटो स्वच्छ होते. सकाळी पुतळा काढला होता, दुपारी कुणाच्या तरी खांद्याचा धक्का डावीकडच्या खांबाला लागला होता. तेव्हापासून पुतळ्याचा संच मी प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतरही काढतो. दोन्ही संचांतल्या जागा जुळल्या नाहीत तर माणूस घरी जाण्याआधीच कळतं.

सावध: टर्नटेबलवर वस्तू फिरवून फोटो काढताना पार्श्वभूमी कोरी ठेवायला सांगतात. ते इथे उलटं आहे. एकाच क्षणी काढलेल्या फोटोंत मागची भिंत, खुर्ची, खांब सगळंच स्थिर आहे. खांबांवर आणि खुर्चीच्या पाठीवर छापील कागद चिकटवा, तेवढे बिंदू फुकट मिळतात. मागे कोरा काळा पडदा लावून लोक स्वतःचंच नुकसान करून घेतात.

## टप्पा ९: माणूस बसवल्यावर

- चेहरा पुसून घ्या. तेलकट कपाळावरची चमक प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळ्या जागी दिसते आणि तिथे खड्डा पडतो. हलकी टाल्कम पावडर पुरते, पण छिद्रं बुजतील इतकी नको.
- चष्मा काढा. काच मॉडेल होत नाही.
- केस मॉडेलमध्ये गोळा होऊन येतात. पाणी लावून चापून बसवा, किंवा घट्ट टोपी घाला. शिल्पकाराला केसांसाठी साधे फोटो वेगळे द्या.
- चौकड्याचा किंवा छापील सुती कपडा हवा. कोरा काळा शर्ट आणि चकचकीत रेशीम दोन्ही टाळा.
- डोळे एका खुणेवर रोखायला सांगा.
- बरोबर ५०० मिमी अंतरावर दोन खुणा असलेली पट्टी छातीपाशी, पण चेहऱ्याआड न येता ठेवा. मॉडेलचं माप यावरूनच येतं. पट्टी विसरलात तर पुतळा किती मोठा करायचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

सुरुवातीला सत्राचा क्रमांक लिहिलेला कागद सगळ्यांना दिसेल असा धरून एक फोटो काढा. मग पाच-सहा संच काढा, प्रत्येकात दहा सेकंदांचं अंतर ठेवून. कॅमेऱ्याला लिहून संपवायला वेळ हवा. एका संचात एखादा कॅमेरा चुकलाच तर दुसरा संच हाताशी असतो. माणूस खुर्चीवरून उठण्याआधी सगळ्या कॅमेऱ्यांवरचा शेवटचा फाइल क्रमांक सारखा आहे का ते फिरून पाहा.

## टप्पा १०: संगणकावर

प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं फोल्डर करा, नाव त्याच्या क्रमांकाचं. कार्ड रिकामं करण्याआधी फोटो दोन ठिकाणी ठेवा.

मेटाशेप, कोलमॅप, मेशरूम, कुठलंही घ्या. पण पहिलं काम एकच: सॉफ्टवेअरला सांगा की हे चोवीस वेगवेगळे कॅमेरे आहेत. एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्ये नोंदवलेल्या माहितीत, सगळ्यांचं मॉडेल आणि फोकल लांबी एकच असते, म्हणून मेटाशेप त्यांना एकाच गटात टाकतं आणि चोवीस लेन्सना एकच बाक लावतं. कॅमेरा कॅलिब्रेशनच्या खिडकीत जाऊन तो गट फोडा आणि प्रत्येकाला त्याची टप्पा ८ मधली फाइल लावा. कोलमॅपमध्ये प्रत्येक फोल्डरला एक कॅमेरा असा पर्याय आहे. सुरुवातीला सांगितलेले नाकाचे दोन शेंडे बहुतेक वेळा इथूनच येतात.

मग अलाइन करा, म्हणजे सॉफ्टवेअरला कॅमेऱ्यांच्या जागा बसवू द्या, आणि थांबा. लगेच मेश, म्हणजे चेहऱ्याचा जाळीदार पृष्ठभाग, बनवू नका. चोवीसच्या चोवीस कॅमेरे बसलेत का, कॅमेऱ्यांची कमान पडद्यावर खऱ्या सांगाड्यासारखी दिसते का, सरासरी चूक एका पिक्सेलच्या आत आहे का, हे पाहा. माझी ०.५ च्या आसपास येते तेव्हा मी पुढे जातो. एखादा कॅमेरा हट्टीपणाने चुकीच्या जागी बसत असेल तर तो काढून टाका. तेवीस बरोबर कॅमेरे चोवीसांतल्या एका चुकीच्या कॅमेऱ्यापेक्षा बरे.

त्यानंतर पट्टीच्या दोन खुणांवरून माप द्या, दाट बिंदू काढा, मेश करा, वर रंग चढवा.

मॉडेल बिघडलेलं दिसलं तर मी या क्रमाने पाहतो. अवयव दुहेरी असेल तर आधी गट फोडलाय का, मग खांब हललाय का, मग वेळ जुळते का. पृष्ठभाग सगळीकडे खडबडीत असेल तर आयएसओ आणि फोकस. फक्त कपाळ किंवा नाकाच्या शेंड्यावर खड्डे असतील तर चमक. हनुवटीखाली भोक असेल तर खालची ओळ, ती बहुतेक वेळा फार वर लावलेली असते. आणि एका बाजूचा गाल दुसऱ्यापेक्षा निळसर असेल तर त्या बाजूच्या कॅमेऱ्यांत व्हाइट बॅलन्स पुन्हा ऑटोवर गेलाय. बॅटरी काढल्यावर काही कॅमेरे तारखेसोबत तोही विसरतात, म्हणून नकली बॅटरीची वीज जाऊन आली की टप्पा ६ मधली सेटिंग चोवीसही कॅमेऱ्यांवर पुन्हा एकदा पाहून घ्या.